अकरा वाक्यांची आई

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातील एकांकिकेसाठी पात्रांची यादी सूचनाफलकावर लागली, तेव्हा मी गर्दीत घुसून आधी पहिली ओळ वाचली. नायिकेच्या जागी माझेच नाव असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शाळेपासून वक्तृत्वात बक्षिसे मिळवलेली, आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मग दुसरे काय होणार? पण पहिल्या ओळीत दुसरीच मुलगी होती. माझे नाव पाचवे होते आणि त्यापुढे फक्त 'आई' असे लिहिले होते. संहिता हाती आल्यावर मी वाक्ये मोजली. अकरा भरली. त्यातले एक 'हो' आणि एक 'आले, आले' असे होते.

वाचकहो, आमचे घर गणेशपुरीला. भिवंडीहून सुटलेली एस.टी. वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत जाते, तिथून वज्रेश्वरीकडे वळते आणि मग आमचे गाव येते. तालमी संध्याकाळी. म्हणजे दीड महिना रोज उशिराची गाडी, वडिलांची थांब्यावर येरझार आणि आईचे न बोलता ताट वाढणे. एवढे सगळे अकरा वाक्यांसाठी? त्या संध्याकाळी गाडीतच मी ठरवून टाकले की उद्या नाव काढून घ्यायचे.

घरी आले तर आजी दूरदर्शन संचासमोर बसली होती. आजी दिवसभर देवळाच्या वाटेवर हार-फुले विकते. गुरुपौर्णिमेला तिला मान वर करायला फुरसत नसते. एरवी संध्याकाळी ती पाय पसरून चित्रपट बघते. त्या दिवशी 'इंग्लिश विंग्लिश' लागला होता. श्रीदेवीचा चित्रपट, पण आजी श्रीदेवीकडे बघत नव्हती. पडद्यावर शशीची सासू आली की ती पुढे सरकायची.

"ही नटी नाय," आजी म्हणाली. "कुणाच्या तरी घरची म्हातारी उचलून आणली आहे."

"कशावरून?"

"सून बोलते तेव्हा ही कशी बघते, ते बघ. नटी असती तर आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघत बसली असती."

मी नाव काढून घ्यायचा विचार एक दिवस पुढे ढकलला. ती म्हातारी म्हणजे सुलभा देशपांडे, एवढे मला श्रेयनामावलीतून कळले. पुढचे मी ग्रंथालयात बसून आणि आमच्या सरांना विचारून गोळा केले. सहाय्यक अभिनेत्री म्हणजे नेमके काय, तिचे काम रंगभूमीवर, चित्रपटात आणि दूरदर्शनवर कसे बदलते, हे त्या एका कारकिर्दीच्या आधाराने मला जेवढे समजले, तेवढे प्रस्तुत लेखात मांडते आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'सहाय्यक' म्हटले की आपल्याला दुय्यम असे ऐकू येते. कचेरीत सहाय्यक म्हणजे साहेबाच्या खालचा. चित्रपटसृष्टीने यासाठी 'चरित्र अभिनेत्री' असाही शब्द रूढ केला आहे, आणि तो मला अधिक बरा वाटतो. नायिकेचे काय होणार, हा कथेचा प्रश्न असतो. पण ती कुठल्या घरातली, कुणाच्या धाकातली, कुणाच्या मायेतली, हे तिच्याभोवतीची माणसे सांगतात. ती माणसे खोटी निघाली तर नायिका कितीही चांगली असली तरी अधांतरी लोंबकळते.

या कामात मराठी स्त्रियांचा वाटा मोठा आहे. 'फिल्मफेअर'ने १९५५ साली सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार प्रथम दिला, तो 'बादबान'मधील भूमिकेसाठी उषा किरण यांना. पुढे १९५९ च्या 'अनाडी'मधील मिसेस डिसा या भूमिकेसाठी ललिता पवार यांनी तो पटकावला. ललिताबाई खरे तर नायिका होत्या. १९४२ साली चित्रीकरणाच्या वेळी सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगाचा विकार झाला, डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेची वाट बंद झाली. त्या डोळ्यासह त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा मंथरा म्हणून घराघरांत पोचल्या. म्हणजे ललिताबाईंना या वाटेवर अपघाताने ढकलले. सुलभाताईंची गोष्ट निराळी आहे. त्या शाळेतून आल्या.

सुलभा कामेरकर यांचा जन्म १९३७ सालचा, मुंबईचा. शिक्षण फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालयात. पुढे दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिक्षिका झाल्या. शाळेतल्या मुलांसाठी नाटक बसवायचे म्हणून संहिता हवी होती, ती मागायला त्या विजय तेंडुलकरांकडे गेल्या. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील एक महत्त्वाची ओळख अशी मुलांच्या नाटकापायी झाली. पुढे त्या 'रंगायन' या प्रायोगिक संस्थेत आल्या. विजया मेहता, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे ही सगळी मंडळी तिथे होती. अरविंद देशपांडे यांच्याशीच त्यांचा विवाह झाला.

१९६७ साली 'रंगायन'ने तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे झाल्या सुलभाताई. नाटक करणारी एक हौशी मंडळी खेड्यात येते, वेळ घालवायला खोटा खटला मांडते आणि गंमत म्हणून आरोपी करते ती मिस बेणारेला. आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता गंमत संपते आणि एका बाईचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते. बेणारे शिक्षिका आहे आणि त्या खटल्यात तिची नोकरीही पणाला लागते. ही भूमिका करणारी बाई स्वतः शाळेत शिकवलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ते नाटक वाचताना अंगावर काटा येतो.

आता आपण म्हणाल, बेणारे तर नायिका. मग सहाय्यक अभिनेत्रीच्या लेखात तिचे काय काम? इथेच मला पहिला धडा मिळाला. बेणारेचे अखेरचे स्वगत सर्वांना ठाऊक असते. नाट्यवाचनाच्या स्पर्धेत मुली तेवढेच घेऊन येतात. पण स्वगतापूर्वी खटला जसजसा रंगतो तसतशी ती गप्प होत जाते. बाकीचे बोलतात, साक्षी देतात, ओरडतात, आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात बसून ऐकते. त्या ऐकण्यात जर काही नसेल तर स्वगत म्हणजे नुसते भाषण होईल. म्हणजे नायिकेलाही रंगमंचावर बराच वेळ ऐकण्याचेच काम असते. ज्या बाईने ते काम इतक्या मोठ्या भूमिकेत केले, तिला पुढे चार वाक्यांची आई करताना 'मला बोलायला काहीच नाही' असे वाटले असेल, असे मला वाटत नाही.

रंगभूमीचे गणितच तसे आहे. तिथे कॅमेरा नाही. प्रेक्षकाने कुठे बघायचे हे त्याला कुणी सांगत नाही. तो नटांच्या नजरेच्या मागे जातो. सगळे जण नायिकेकडे बघत असतील तर तोही बघतो. एखादी आई कोपऱ्यात बसून पदराशी चाळा करू लागली तर पाचशे डोळे पदराकडे वळतात आणि नायिकेचे वाक्य वाऱ्यावर जाते. म्हणून रंगमंचावरच्या सहाय्यक नटीला दोन गोष्टी एकदम साधाव्या लागतात: जिवंत राहायचे आणि मध्ये यायचे नाही. शिवाय पडदा वर गेला की खाली येईपर्यंत सुटका नसते. चूक झाली तर ती तिथेच सावरायची.

१९७१ साली अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. आरंभ गिरीश कर्नाडांच्या 'तुघलक'च्या मराठी प्रयोगाने झाला. प्रायोगिक नाटकाला मोठी नाट्यगृहे परवडत नसत. १९७४ पासून 'आविष्कार'ने छबिलदास शाळेचे सभागृहच नाटकासाठी वापरायला घेतले. ज्या शाळेत सुलभाताईंनी मुलांना शिकवले, त्याच शाळेच्या नावाने पुढे 'छबिलदास चळवळ' ओळखली गेली. तिथे उंच रंगमंच नव्हता, मखमली पडदा नव्हता. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय तिथे निरुपयोगी ठरते. पापणी हलली तरी दिसते. नाटकातल्या मंडळींना नकळत कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाची शिकवणी त्या सभागृहात मिळाली, असे माझे मत आहे.

आणि कॅमेरा फार दूर नव्हताच. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा चित्रपट केला. पटकथा कर्नाडांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा आणि बेणारे सुलभाताईंचीच. अमोल पालेकर आणि अमरीश पुरी हे दोघेही या चित्रपटात होते. पुढे मुंबईत समांतर चित्रपट उभा राहिला तेव्हा दिग्दर्शकांना अशी माणसे हवी होती, जी खरी वाटतील, तालमीची शिस्त पाळतील आणि कमी चित्रफितीत काम उरकतील. अशी माणसे त्यांना मराठी व हिंदी प्रायोगिक रंगभूमीवर आयती सापडली.

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हे त्याचे चांगले उदाहरण. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. उषा झाली स्मिता पाटील, आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उषाची आई शांता म्हणजे सुलभाताई. आजी गाणाऱ्यांच्या परंपरेतली, तिला नातीच्या गळ्याचा अभिमान. आईला मात्र त्या परंपरेतून बाहेर पडायचे आहे, म्हणून मुलीने चित्रपटात जाणे तिला नको आहे. आई चिडकी आहे, कठोर आहे; पण चुकीची आहे का? मी चित्रपट दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा मला तिची बाजू दिसली. सहाय्यक अभिनेत्रीचे यश ते हेच. नायिकेच्या वाटेतला धोंडा होतानाही तिने आपली बाजू सोडलेली नसते. त्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मध्येही त्या आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकरांच्या जीवनावरचा हा चित्रपट. आमच्या परिसरात ठाकर, कातकरी, वारली यांचे पाडे असल्यामुळे तो पाहताना मला फार लांबचे काही पाहतो आहोत असे वाटलेच नाही.

चित्रपटातले काम रंगभूमीच्या अगदी उलट. तिथे कथा क्रमाने घडत नाही. मुलगी घर सोडून जाते तो प्रसंग सकाळी चित्रित होतो आणि तिच्या बालपणीचा दुपारी. नायिका निदान बरेच दिवस चित्रीकरणावर असते, तिला भूमिकेत मुरायला वेळ मिळतो. सहाय्यक अभिनेत्रीला ठरावीक दिवसांचेच बोलावणे. तेवढ्यात तिने त्या घरात वीस वर्षे राहिल्यासारखे वावरायचे. मागच्या तुकड्यात पदर कुठल्या खांद्यावर होता, पेला कुठल्या हातात होता, हेही ध्यानात ठेवायचे. आणि एवढे करून काय राहील ते संकलकाच्या हाती. बोलणारा चेहरा काढून ऐकणारा चेहरा दाखवावा असे संकलकाला कधी वाटते? ऐकणाऱ्या चेहऱ्यावर काही घडत असेल तेव्हाच. आजीने नेमके तेच हेरले होते.

१९९१ च्या 'चौकट राजा'मध्ये सुलभाताईंनी नंदूच्या आईची भूमिका केली. नंदू (दिलीप प्रभावळकर) वयाने वाढलेला, पण मनाने मूलच राहिलेला. अशा आईला रडायला सवड नसते, तिला दिवस काढायचा असतो. आपल्यामागे या मुलाचे काय, हा प्रश्न तोंडाने न विचारताही त्या भूमिकेत सतत ऐकू येतो. आमच्या शेजारी असे एक घर आहे. ती आई चारचौघांत कधी डोळ्याला पदर लावताना दिसत नाही. 'चौकट राजा' पाहिल्यापासून तिच्या घरावरून जाताना माझी चाल मंदावते.

आता तिसरे माध्यम. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हाची नाटके आणि मालिका आठवड्यातून एकदा येत. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि मालिका रोजच्या झाल्या. सुलभाताई उतारवयात 'एक पॅकेट उम्मीद', 'जी ले जरा', 'अस्मिता' अशा मालिकांतून दिसल्या. नाटकाला शेवट असतो, चित्रपटालाही असतो. रोजच्या मालिकेतल्या आजीला शेवट ठाऊक नसतो. संवाद पुष्कळदा त्याच दिवशी हाती पडतात. काल प्रेमळ असलेली आजी प्रेक्षकसंख्या घसरली की उद्या रागीट होऊ शकते. तालमीला वेळ नाही, एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे चालू. अशा घाईत नट जगतो तो साठवणीवर, वर्षानुवर्षे केलेल्या तालमींवर. छबिलदासच्या सभागृहात जे शिकले ते इथे उपयोगी पडते. मालिकांना नावे ठेवण्याची आपल्याकडे, विशेषतः मराठीच्या वर्गात, पद्धत आहे, मीही ठेवते. पण सत्तरी ओलांडलेली बाई त्या घाईत उभी राहून खरी वाटते, याला काय म्हणायचे?

अभिनयाशिवायही त्यांचे काम आहे. 'आविष्कार'ची बालरंगभूमीची शाखा 'चंद्रशाला'. तिचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य १९८२ साली आले. 'राजा रानी को चाहिये पसीना' हा बालचित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. अरविंद देशपांडे १९८७ च्या आरंभी वारले, आणि त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. घरातला आणि रंगमंचावरचा सोबती गेल्यावर त्यांनी आणखी एकोणतीस वर्षे काम केले. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) आला तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. ४ जून २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुलांच्या नाटकापासून सुरू झालेला प्रवास; तो शेवटपर्यंत मुलांपासून फार दूर गेला नाही.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. मराठी रंगभूमीवरची एवढी मोठी नायिका पडद्यावर आयुष्यभर आई, मावशी, सासू, आजीच का राहिली? 'भूमिका'त आई झाल्या तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. त्या वयाचा पुरुष हिंदी चित्रपटात खुशाल नायक असतो. चाळिशीतल्या बाईच्या आयुष्यात कथा घडत नाही, असे आपण मानतो. तिने दुसऱ्यांच्या कथेत चहा आणून द्यावा. 'इंग्लिश विंग्लिश'ची शशी ही त्याला अपवाद, आणि गंमत अशी की त्या अपवादाला आधार द्यायलाही सुलभाताईच हव्या होत्या. तेव्हा सहाय्यक भूमिकेचे मोल सांगताना हा अन्याय झाकला जाऊ नये, एवढे मला म्हणायचे आहे. लहान भूमिका मोठी करून दाखवणे ही नटीची थोरवी. तिला लहानच भूमिका देत राहणे ही आपली कंजुषी.

असो. माझ्या अकरा वाक्यांचे काय झाले ते सांगून लेख पुरा करते.

मी नाव काढून घेतले नाही. सुरुवातीच्या तालमींत मी वाईटच होते. प्रत्येक वाक्य स्पर्धेतल्यासारखे फेकत होते, आणि माझे वाक्य संपले की पुढच्याची वाट बघत उभी राहत होते. आजीने सांगितलेली नटी ती मीच. मग मी दिग्दर्शकाला विचारून हातात सूप घेतले. मुलगी घर सोडण्याची गोष्ट काढते त्या प्रसंगात आई तांदूळ निवडत बसेल, असे ठरले. घरी आईच्या शेजारी बसून मी आठवडाभर खरोखर तांदूळ निवडले. खडे शोधता शोधता कान आपोआप बोलण्याकडे लागतात, हे तिथे कळले.

प्रयोगाला आजी आली होती. त्या दिवशी तिने दुपारीच टोपली आवरली आणि एस.टी.ने भिवंडीला आली. नाटक बघायला आयुष्यात पहिल्यांदा. एकांकिकेला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी नायिकेचे कौतुक केले, नेपथ्याचे केले, प्रकाशयोजनेचेही केले. आईचा उल्लेख झाला नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले.

परतीच्या गाडीत आजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. अंबाडी गेल्यावर म्हणाली, "तांदूळ नीट निवडलेस."

"एवढेच?"

"पोरगी जाते म्हणाली तेव्हा हात थांबला तुझा. मग परत चालू केलास. मी तुझ्या बापाला सांगितलं होतं, मुंबईला जायचं तर जा. तेव्हा माझ्या हातात फुलं होती."

एवढे बोलून ती पुन्हा बाहेर बघू लागली. वडील मुंबईला कधी गेले आणि का परत आले, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. त्या रात्री मीही विचारले नाही. गाडी वज्रेश्वरीचा चढ चढत होती. मी आजीच्या बोटांकडे बघत राहिले. सुई टोचून टोचून ती काळवंडली आहेत, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

(द्वितीय वर्ष कला, मराठी)